माठ, होडी आणि एक सही



गेल्या महिन्यात शाळेत गेलो होतो. तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं खाडीकाठी होड्या बांधल्यात. आपल्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या." मी लेखक नाही, हाताने काम करणारा माणूस आहे. शिवाय जैनथच्या मुलांना समुद्रातल्या होडीचे काय, असेही मनात आले. पण घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आले की होडीचा पहिला धडा मी समुद्रावर शिकलोच नाही. तो मला आदिलाबादच्या बाजारात, मायच्या शेजारी उभे राहून मिळाला.

उन्हाळा लागला की माय नवा माठ घ्यायला निघायची. कुंभाराने मांडलेल्या माठांपुढे ती उकिडवी बसे, एकेक माठ उचले, कान जवळ नेई आणि बोटाच्या पेराने टकटक करी. मला म्हणे, "वाजवून पाय. खणखण वाजला तं घे, बद्द वाजला तं ठेवून दे." मला सगळे माठ सारखेच लाल, सारखेच गोल दिसत. पण वाजवल्यावर फरक कळे. ज्याला आत केसाएवढी चीर असे, त्याचा आवाज मेलेला असे. कुंभाराला या वाजवण्याचा राग येत नसे. तो हसून म्हणे, "वाजवा माय, वाजवा. मी बी वाजवूनच मांडला हाये." हे वाक्य मी तेव्हा ऐकले आणि विसरलो. त्याचा अर्थ कळायला मला पंचवीस वर्षे आणि एक मोठी चूक लागली.

दुसरा धडा पैनगंगेवरचा. डोलाऱ्याजवळ हमरस्त्याला पूल होता, पण पुलापासून लांबच्या गावांना पलीकडे सोयरिकीला जायचे तर डोंगाच होता. आमचे निम्मे नातेवाईक पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. लहानपणी डोंग्यात बसलो की माझे लक्ष नदीकडे नसे, पायांखाली असे. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी हळूहळू वर येई आणि डोंगेवाले मामा डालड्याच्या डब्याने ते उपसत. एकदा पावसाळ्याच्या तोंडी पाहिले, तर त्यांनी डोंगा काठाजवळ मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवलेला, वर दगड टाकलेले. मी घाबरून विचारले, "मामा, डोंगा बुडाला?" ते म्हणाले, "बुडाला नाही रे, बुडवला. उन्हाळ्यात लाकूड आकसते, सांधे उघडे पडतात. दोन-तीन दिवस पाणी पिऊ दे, फळ्या फुगतील आणि सांधे आपोआप मिटतील. आज माणसं बसवली तर मधे धारेत पाणी घेईल." त्या दोन-तीन दिवसांत मामांची मजुरी बुडत असे. तरी डोंगा पाण्यातच असे.

शाळा संपली, आदिलाबादला आयटीआयमध्ये सुतारकाम शिकलो आणि एका ओळखीच्या माणसाच्या चिठ्ठीवर कोकणात, खाडीकाठच्या एका होडीकारखान्यात नोकरीला लागलो. तेव्हा आपला जिल्हा आंध्र प्रदेशात होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, पुढे उतार आणि उताराखाली भरती-ओहोटीचे पाणी. लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या येत होत्या, म्हणून तिथे दोन्ही कामे चालत. जुन्या लाकडी होड्या दुरुस्तीला येत, नव्या फायबरच्या बांधल्या जात.

फायबरची होडी कशी बनते ते थोडक्यात सांगतो. आधी होडीच्या आकाराचा साचा. त्याला आतून मेण चोळतात, म्हणजे होडी चिकटत नाही. त्यावर जेलकोटचा थर देतात. हीच पुढे होडीची बाहेरची चकचकीत कातडी होते. त्यावर काचेच्या बारीक धाग्यांची मॅट अंथरून रेझिन लावतात आणि लोखंडी रोलर फिरवून आतली हवा काढतात. मॅटच्या कामात एक भाग काच असेल तर साधारण दोन ते अडीच भाग रेझिन लागते. रेझिन कमी पडले तर मॅट कोरडी राहते आणि पाणी पिते. जास्त झाले तर होडी जड होते आणि ठिसूळही होते. रेझिनमध्ये हार्डनर मोजून घालावा लागतो. कमी पडला तर थर नीट पिकत नाही, जास्त झाला तर तापून तडकतो. असे थरावर थर चढवतात आणि प्रत्येक नव्या थराने खालच्या थराला घट्ट धरायचे असते. हे धरणे डोळ्यांना दिसत नाही. होडीची सगळी ताकद मात्र त्यातच असते.

होडी बांधताना जेवढे शिकलो, त्याहून अधिक दुरुस्तीला आलेल्या होड्यांनी शिकवले. ओहोटीला होडी उतारावर ओढून घेतली की तळ धुवायचा, शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, मग तळ काय बोलतो ते ऐकायचे. एखाद्या तळावर पुरळ उठावे तसे फोड असत. टोचले तर आतून आंबूस वासाचे पाणी येई. जेलकोटमधून पाणी कणाकणाने आत झिरपते, न पिकलेल्या रेझिनमधले पदार्थ त्यात विरघळतात आणि ते आणखी पाणी ओढून घेतात. बाहेर फोड आज दिसतो, पण त्याचे कारण बांधणीच्या दिवसातच पडलेले असते. एखाद्या होडीत वर फायबर आणि आत प्लायवूड असे. नळ बसवायला भोक पाडताना लाकडाची कड कोणी रेझिनने बंद केलेली नसे, मग तेथून पाणी शिरून आतले लाकूड ओल्या भाकरीसारखे होई. कुठे पितळेच्या शेजारी साधा लोखंडी बोल्ट ठोकलेला असे. खाऱ्या पाण्यात असे दोन धातू एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो. म्हणून समजूतदार मालक तळाशी जस्ताचे तुकडे लावतात. आधी जस्त झिजते, बाकीचे वाचते. आणि वाळूवर रोज ओढल्या जाणाऱ्या होड्यांचा तर तळकणाच घासून काचेचे धागे उघडे पडलेले असत.

लाकडी होडीच्या तळकण्याला तिथे पठाण म्हणतात. जुने मिस्त्री मला पठाणाशी उभे करून सांगत, "ओलं लाकूड वापरलं की होडी दोन वर्षांत हसायला लागते." हसते म्हणजे सांधे उघडते. फळ्यांच्या फटीत ते कापूस ठासत आणि वर लुकण भरत. ठासण्याचा आवाज बदलला की फट भरली, असे समजत. तिथेही परीक्षा कानाचीच.

फायबरच्या तळालाही आम्ही लहान हातोडीने टकटक करून पाहत असू. थर एकमेकांना धरून असतील तर आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील किंवा मध्ये हवा राहिली असेल तर बद्द. पहिल्या दिवशी हे पाहिले आणि मला हसू आले. माय बाजारात हेच तर करत होती!

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

काही वर्षांनी होड्या ग्राहकाच्या ताब्यात देण्यापूर्वी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. एक छापील कागद असे. तळ, सांधे, इंजिनाची बैठक, पाण्याचे नळ अशा चौकटींत खुणा करायच्या आणि खाली सही. त्या वर्षी दोघा भावांची मासेमारीची होडी आमच्याकडे बांधायला होती. कर्ज काढून घेतलेली, घरातली पहिली नवी होडी. काम ऐन आषाढात सुरू झाले. शेडचा पत्रा गळत होता, हवा ओली होती. अशा हवेत रेझिनचे काम जपून करावे लागते. त्यातच एका संध्याकाळी वीज गेली आणि काम अर्धे राहिले. पुढचा थर दोन दिवसांनी चढला. इतका वेळ गेला की खालचा थर घासून खरखरीत करावा लागतो, नाहीतर नवा थर नुसता वर बसतो, धरत नाही. तो घासला गेला नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली होती आणि सगळ्यांना घाई होती.

होडी रंगून तयार झाली. निळी, पांढऱ्या पट्ट्याची, देखणी. मी हातोडी घेऊन तळ वाजवत गेलो. खण, खण, खण. डाव्या बाजूला, इंजिनाच्या बैठकीपाशी, परातीएवढ्या जागेत आवाज बद्द आला. पुन्हा वाजवले. पुन्हा बद्द. मी सुपरवायझरला बोलावले. त्यांनीही ऐकले. म्हणाले, "एवढ्याशा जागेनं काय होतंय? रंग झालाय, गिऱ्हाईक दारात उभं आहे, पौर्णिमा चार दिवसांवर. आता कापायचं म्हणजे पंधरा दिवस गेले."

दोघे भाऊ खरोखरच दारात उभे होते. धाकटा होडीला हात लावून पाहत होता. मी त्यांच्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, सगळ्या चौकटींत खुणा केल्या आणि सही केली. मला कोणी धमकावले नव्हते. कोणी पैसे दिले नव्हते. त्या क्षणी नाही म्हणणे जड गेले, एवढेच.

दुसऱ्या हंगामात ती होडी दुसऱ्या होडीच्या दोराला बांधून परत आली. इंजिनाच्या थरथरीने ती जागा हळूहळू सुटत गेली होती आणि एका पहाटे समुद्रात तिथून पाणी शिरू लागले. होडी हलकी करण्यासाठी त्यांनी पाण्यातली जाळी कापून सोडून दिली आणि पाळीपाळीने पाणी उपसत राहिले. जवळ दुसरी होडी होती म्हणून चारही माणसे घरी आली. पण जाळी गेली, इंजिनात खारे पाणी गेले, हंगाम बुडाला आणि बँकेचे हप्ते थकले.

तळ कापायला मीच बसलो. ग्राइंडर लावला तसा वरचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा अखंड निघून आला. खालचा थर गुळगुळीत, चकचकीत होता. ज्याला घासायलाच हवे होते तो जसाच्या तसा. मोठा भाऊ मागे उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्री, आत असं आहे हे तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं?"

मी काही बोललो नाही. ग्राइंडर चालू ठेवला. संध्याकाळी तो उतारावर एकटा बसला होता, तेव्हा जवळ गेलो आणि म्हणालो, "ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. मी वाजवून पाहिलं होतं."

तो चिडला असता तर मला हलके वाटले असते. त्याने फक्त विचारले, "मग सांगितलं का नाही? आम्ही पंधरा दिवस थांबलो असतो."

तेवढे एक वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. ते थांबले असते. पैनगंगेवरचे मामा दोन-तीन दिवसांची मजुरी सोडून थांबत, तसेच तेही थांबले असते. त्यांना ठरवायची संधीच मी दिली नव्हती. कारखान्याने तळ फुकट दुरुस्त करून दिला, मी सुट्टीच्या दिवशीही त्यावर राबलो, पण बुडालेला हंगाम कोण परत देणार? त्यानंतर मी बद्द वाजणाऱ्या होडीवर सही केली नाही. त्यामुळे वादही झाले आणि शेवटी ती नोकरीही सोडावी लागली. दुसरीकडे काम मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला वाटेल की माल चांगला असला की काम चांगले होतेच. आपला जिल्हा सागवानाचा, म्हणून हे सांगितलेच पाहिजे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेले 'ट्रिंकोमाली' नावाचे सागवानी लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आज दोनशेहून अधिक वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. सागात तेल असते, त्यामुळे ते सहजी कुजत नाही. ओक लाकडातले आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते, साग तसे करत नाही. पण सागवान म्हटले की झाले, असे नाही. लाकूड सुकू द्यावे लागते, सांधा सांध्याला बसवावा लागतो. आमच्या त्या निळ्या होडीचे रेझिन आणि काचही उत्तम प्रतीचीच होती. खोट मालात नव्हती, घाईत होती.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी 'म्हादेई' ही छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली गेली. लाकडी पट्ट्या आणि त्यांवर काचकापड अशी तिची बांधणी. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून, वाटेत कुठेही न थांबता, एकट्याने प्रदक्षिणा केली. मला यातली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. नौका बांधली जात होती तेव्हा दोंदे स्वतः त्या कामावर लक्ष ठेवून होते. ज्याला तिच्यातून समुद्रात जायचे होते, तोच बांधणीच्या जागी उभा होता.

आता होडी सोडून शाळेत येतो. या उन्हाळ्याच्या सुट्टीत नव्या खोल्यांचे काम निघणार असल्याचे कळले. आनंद झाला. विश्वस्त मंडळींना आणि पालकांना माझी एकच विनंती आहे. उद्घाटनाला आपण सगळे येऊच, रंग दिलेल्या भिंतींचे फोटो निघतीलच. पण त्याआधी एक दिवस या. स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी या, कारण सळ्या त्याच दिवशी दिसतात. त्यांच्याखाली ठोकळे ठेवले आहेत की सळ्या फळ्यांना टेकल्या आहेत ते पाहा. काँक्रीटमध्ये पाणी मनाला येईल तसे ओतले जात नाही ना, ते पाहा. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन लक्षात घेऊन स्लॅबवर निदान दहा-पंधरा दिवस पाणी साठवून ठेवले जाते की नाही, ते पाळीपाळीने येऊन पाहा. प्लास्टर झाल्यावर बोटाच्या पेराने भिंत वाजवा. कुठे बद्द वाजली तर तेव्हाच सांगा. त्यात कंत्राटदारावर अविश्वास नाही. चांगल्या कारागिराला वाजवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा राग येत नाही. आणि उशीर होणार असेल तर होऊ द्या. मुले आणखी पंधरा दिवस जुन्या खोलीत बसतील. आपली मुले त्या छताखाली बसणार आहेत, म्हणून आपणच तिथे उभे राहायचे. मीही येईन, हातोडी घेऊन येईन.

मुलांनो, तुम्ही आपल्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात जाता. पुढच्या वेळी काळ्या दगडांचे सांधे जवळून पाहा. दगडावर दगड बसवताना सांधा लपवायला वर गिलावा नव्हता. कारागिराला तो नीटच बसवावा लागला. आपल्या बहुतेक कामांवर मात्र गिलावा असतो. वहीवर कव्हर असते, गणिताखाली उत्तर छापलेले असते, निकालावर शेरा असतो. आत काय आहे ते शिक्षकांना कधी दिसते, कधी दिसत नाही. तुम्हाला मात्र ठाऊक असते. पाठ केले आणि समजले नाही, तर ती जागा बद्द वाजते. पुढच्या वर्षीचा थर तिच्यावर बसतो, पण धरत नाही. अशी जागा सापडली तर लाज वाटू देऊ नका. "सर, हे मला आलं नाही" म्हणा. तेवढे म्हणायला मला कारखान्यात जमले नव्हते.

पंचवीस वर्षांनी त्या कुंभाराचे म्हणणे मला कळले. गिऱ्हाईक वाजवो न वाजवो, त्याने तो माठ आधीच वाजवलेला होता. बद्द वाजलेला तो बाजारात आणतच नसे.

आपला,
शाळेचा एक माजी विद्यार्थी